वेशीवर थांबलेल्या वाटा

नांदेडहून मुंबई जितकी लांब, त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर हैदराबाद आहे. नांदेडकराला ही गोष्ट नकाशा पाहून कळत नाही. ती त्याच्या जगण्यातच मुरलेली असते. घरात मोठे दुखणे उद्भवले की तो हैदराबादचा रस्ता धरतो. लेकराच्या हाती पहिल्यांदा पाटी द्यायची वेळ आली की बासरच्या सरस्वतीची आठवण होते. लातूर जिल्ह्यातील उदगीर, देवणी, निलंगा या भागाचे बीदरशी असेच नाते आहे. या साऱ्या वाटांवर कोठेतरी एक पाटी लागते. तिच्यावर पलीकडच्या राज्याचे स्वागताचे शब्द असतात, अक्षरांचे वळण बदललेले असते, आणि गाडी न थांबता पुढे निघून जाते. राज्याची सीमा म्हणजे एवढेच, असे आपण अनेक पिढ्या मानत आलो.

मार्च २०२० मध्ये त्या पाटीचे दार झाले, आणि ते दार लागले. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत ते कधी पूर्ण बंद, कधी किलकिले, कधी एका बाजूने उघडे आणि दुसऱ्या बाजूने बंद असे राहिले. तीर्थाला आलेले परत जाऊ शकले नाहीत, जाऊ इच्छिणारे निघू शकले नाहीत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर ज्यांची चूल पेटत होती त्यांचे हात रिकामे झाले. वाचकहो, नांदेड आणि लातूरच्या सीमाभागातील या वाटांवरून आज पुन्हा प्रवास करताना त्या काळाची उजळणी करावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. ती स्थळे पाहण्यासारखी तर आहेतच; पण त्या दिवसांत तेथे काय घडले, हे ठाऊक असेल तर ती अधिक नीट पाहता येतात.

एक मुलूख, तीन राज्ये

आजच्या सीमा फार जुन्या नाहीत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा नांदेड, बीदर, निजामाबाद आणि आदिलाबाद हे एकाच संस्थानाचे शेजारी जिल्हे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यपुनर्रचना झाली आणि या मुलखाचे तीन भाग झाले. मराठवाडा तत्कालीन मुंबई राज्यात आला, बीदर म्हैसूर राज्यात गेले, आणि तेलुगू भाषक जिल्हे आंध्र प्रदेशात गेले. २०१४ साली त्यांचे तेलंगण झाले.

पण माणसे भाषेप्रमाणे सरळ रांगेत राहत नाहीत. म्हणून तालुके आणि महसुली मंडळेही विभागावी लागली. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मराठी मुलखाला जोडले गेले. पुढे १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा ते त्यात आले. नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे पलीकडे गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ नांदेडला मिळाले. ज्या मुधोळ परिसरात बासर वसले आहे, तो परिसर १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्याचाच भाग होता, हे आज अनेकांना सांगूनही खरे वाटत नाही.

कचेरीतले दप्तर हलले, माणसे मात्र जागच्या जागी राहिली. देगलूरच्या बाजारात आजही मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी या चारही बोली कानी पडतात. मदनूर-जुक्कलकडचा शेतकरी देगलूरला येतो, धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात पलीकडचा माल उतरतो, आणि उदगीर तालुक्यातील हाळी हंडरगुळीच्या गुरांच्या बाजारात तिन्ही राज्यांचे खरेदीदार देवणी बैलाच्या पाठीवर हात फिरवताना दिसतात. सोयरिकीही याच वाटांनी झालेल्या आहेत. मराठी मुलखातली लेक पलीकडच्या राज्यात नांदते आणि तिला माहेर परराज्यात असल्याचे कधी जाणवतही नाही. निदान २०२० पर्यंत जाणवले नव्हते.

पाहुणे अडकले ते गाव

नांदेडला देशाच्या नकाशावर वेगळे स्थान आहे ते तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमुळे. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी हे एक. श्री गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली गोदावरीकाठच्या या नगरीत देह ठेवला. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंह यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. पंजाबपासून दोन हजार किलोमीटर दूर असलेल्या या शहरात बाराही महिने पंजाबी यात्रेकरूंचा राबता असतो. अमृतसरहून येणारी सचखंड एक्सप्रेस हे त्या नात्याचे चालते-बोलते रूप आहे. वाटेतल्या काही स्थानकांवर तिच्यातील प्रवाशांना लंगरचे जेवण मिळते, हे अनेकांनी अनुभवले असेल. स्थानकाबाहेरचे रिक्षावाले मोडक्यातोडक्या पंजाबीत दर सांगतात. यात्री निवास, लॉज, रुमाल-कडे-किरपाण विकणारी दुकाने, बीदरला जाणाऱ्या गाड्या ठरवून देणारे, असे एक सबंध अर्थकारण या राबत्यावर उभे आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये होला महल्ल्याच्या सुमारास यात्रेकरू नेहमीप्रमाणे आले. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच दिवशी प्रवासी रेल्वे थांबवल्याची घोषणा झाली, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. पंजाब, हरियाणा, दिल्ली या भागांतील सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडात अडकले. परतीची तिकिटे हातात आणि गाडी नाही, अशी त्यांची अवस्था झाली. त्यांत म्हातारी माणसे होती, लेकुरवाळ्या बाया होत्या, आणि गव्हाची कापणी तोंडावर आलेले शेतकरी होते. पंजाबच्या शेतकऱ्याला वैशाखीच्या दिवसांत शेतापासून दूर बसून राहणे म्हणजे काय, हे आपल्या सुगीच्या अनुभवावरून समजून घेता येईल.

तो महिनाभर गुरुद्वाऱ्याने त्यांना सांभाळले. निवासाच्या खोल्या रिकाम्या करायला कोणी सांगितले नाही आणि लंगरची चूल विझली नाही. दोन वेळचे जेवण आणि डोक्यावर छप्पर या दोन गोष्टींची ददात पडली नाही, ही त्या नगरीच्या नावे कायमची नोंदवून ठेवावी अशी गोष्ट आहे. त्याच दिवसांत देशातील कितीतरी महामार्गांवर उपाशीपोटी चालणारे मजूर आपण पाहत होतो. ते स्मरले म्हणजे या महिन्याचे मोल ध्यानी येते.

एप्रिलच्या अखेरीस केंद्राच्या परवानगीने पंजाब सरकारने सुमारे ऐंशी बसगाड्या नांदेडला पाठवल्या. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान अशी राज्ये ओलांडत त्या परतल्या. घरी पोहोचल्याचा आनंद मात्र फार टिकला नाही. परतलेल्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांतील शेकडो जण बाधित निघाले. इकडे नांदेड शहरात एप्रिलचा तिसरा आठवडा सरेपर्यंत रुग्णाची नोंद नव्हती. मेच्या आरंभी लंगरमध्ये राबणाऱ्या सेवेकऱ्यांपैकीही अनेक जण बाधित आढळले. संसर्ग नांदेडहून गेला, वाटेत लागला, की न्यायला आलेल्यांबरोबर आला, यावरून दोन्ही राज्यांत वाद झडले. काल ज्याला आदराने ‘यात्री’ म्हटले, त्याच शब्दाला आज संशयाचा वास येऊ लागला. महिनाभर ज्यांनी जेऊ घातले आणि महिनाभर जे जेवले, ते दोघेही एकदमच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

रोगाचा प्रवास शोधणे आरोग्यखात्याचे कर्तव्यच होते, त्यात गैर काही नव्हते. पण रोगाचा माग काढणे निराळे आणि माणसाला रोगाचे नाव देणे निराळे. सीमा बंद होते तेव्हा हा फरक सर्वांत आधी पुसला जातो. बाहेरचा तो धोक्याचा, असे सोपे समीकरण होऊन बसते. मराठवाड्यातील कितीतरी गावांनीही त्या दिवसांत वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवले होते. मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच मुलांना शेतातल्या गोठ्यात किंवा शाळेच्या खोलीत राहावे लागले. भीती खरी होती, म्हणून त्या गावांना दोष देता येत नाही. पण भीतीने आपला-परका ही रेघ किती लवकर ओढली, हे विसरूनही चालणार नाही.

बासरची वाट

नांदेडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे मुदखेड, उमरी, धर्माबाद अशी गावे घेत बासरला पोहोचते. धर्माबाद महाराष्ट्रात, बासर तेलंगणात. रुळांवर सीमारेषा उमटलेली नसते. दोन्ही बाजूंना तीच काळी माती आणि तोच कापूस. बासर हे गोदावरीकाठी वसलेले ज्ञानसरस्वतीचे क्षेत्र आहे. येथे लहान मुलांचा अक्षराभ्यास होतो. आई-वडिलांच्या मांडीवर बसलेले मूल पुजाऱ्याच्या हाताने पहिले अक्षर गिरवते. वसंत पंचमीला तर या विधीसाठी रांगा लागतात. नांदेड, परभणी, लातूरकडची असंख्य मराठी कुटुंबे मुलांना घेऊन येथे येतात. तेथे तेलुगू आणि मराठी पालक एकाच रांगेत उभे असतात आणि मुलांचे रडणे-हसणे कोणत्याच भाषेचे नसते.

२०२० साली या वाटेवर एक विचित्र गोष्ट घडली. केंद्राने सवलत दिल्यानंतर ८ जूनपासून तेलंगणातील मंदिरे उघडली, कर्नाटकातीलही उघडली. महाराष्ट्रात संसर्गाचे प्रमाण मोठे असल्याने येथील प्रार्थनास्थळे मात्र १६ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, बंद राहिली. बासरचे दार उघडे आणि माहूरच्या रेणुकामातेचे बंद. बीदरच्या गुरुद्वाऱ्याला मुभा आणि नांदेडच्या तख्ताला नाही, असे पाच महिने चालले. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, अमृतसर-नांदेड सचखंड एक्सप्रेस १ जूनपासूनच विशेष गाडी म्हणून धावू लागली होती. यात्रेकरूला आणणारी गाडी सुरू होती, पण तो ज्या दारासाठी येणार ते दार बंद होते. दुसरीकडे नांदेड-निजामाबाद भागातील सामान्य माणसाच्या आधाराच्या पॅसेंजर गाड्या बराच काळ जागच्या जागी उभ्या होत्या. लांबचा प्रवासी येऊ शकत होता. शेजारच्या गावचा येऊ शकत नव्हता.

माहूरचेही नाव येथे घ्यायला हवे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या या गडावर विदर्भाइतकेच तेलंगणातूनही भाविक येतात. आदिलाबाद-किनवटचा रस्ता त्यांच्या पायाखालचा. २०२० चे नवरात्र १७ ऑक्टोबरला बसले तेव्हा गडावर नेहमीची गर्दी नव्हती. नारळ, खण, हळद-कुंकू, फुले विकणाऱ्यांची वर्षभराची बेगमी त्या नऊ दिवसांत होते, हे लक्षात घेतले म्हणजे बंद दाराबाहेर काय बुडाले ते समजते. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, दारे पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेच्या दिवशीच उघडली.

धर्माबाद तालुक्यातच गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात दीर्घ वाद चालला. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या सहकाऱ्यांसह येथे निदर्शनाला निघाले असता त्यांना धर्माबादला ताब्यात घेण्यात आले होते. अखेर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यानुसार दरवर्षी १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे आणि पाणी खाली वाहू द्यायचे. पाण्याच्या वाट्यासाठी दोन राज्ये न्यायालयात भांडली, पण त्या भांडणातून एक लेखी वेळापत्रक तरी तयार झाले. पाणी सीमेपार कधी जाणार, हे आज शेतकऱ्यालाही ठाऊक असते. माणसांच्या जाण्या-येण्याचे असे वेळापत्रक मात्र कोणी आखले नव्हते. नियम रात्रीतून बदलत, सकाळी नाक्यावर गेल्यावर कळत, आणि तोवर पेशंट गाडीत झोपलेला असे.

मांजरेच्या काठाने

या सीमाभागाची खरी सूत्रधार मांजरा नदी आहे. बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरात ती उगम पावते, लातूर जिल्ह्यातून वाहत कर्नाटकात बीदरकडे जाते, तेथून तेलंगणात शिरते, आणि पुन्हा वळून नांदेडच्या सीमेला येऊन निजामाबाद जिल्ह्यातील कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. तीन राज्यांची वेस एकाच नदीने तीनदा ओलांडावी, असा हा प्रवास आहे.

बिलोलीहून बोधनला जाताना येसगीजवळ मांजरेचा पूल लागतो. एका टोकाला महाराष्ट्र, दुसऱ्या टोकाला तेलंगण. बोधन हे गाव प्राचीन आहे. भगवान बाहुबलींची राजधानी म्हणून पुराणांत ज्या पोदनपूरचा उल्लेख येतो, ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात. ज्यांनी जिंकलेले राज्यही सोडून दिले त्या महापुरुषाशी नाव जोडलेल्या गावाच्या वाटेवर, इकडचे कोण आणि तिकडचे कोण याची तपासणी व्हावी, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. मराठवाड्यातील श्रावक कुटुंबे पुढे सिकंदराबादमार्गे कुलपाकजीच्या यात्रेलाही याच दिशेने जातात. त्या वर्षी ती वाटही सुनी होती. पायी विहार करणाऱ्या साधु-साध्वींची अडचण तर आणखी निराळी होती. सारे परवाने वाहनाच्या क्रमांकावर मिळत. ज्यांना वाहनच वर्ज्य, त्यांच्यासाठी त्या अर्जात रकानाच नव्हता.

देगलूरचा रस्ता हा आता अकोल्याहून नांदेडमार्गे संगारेड्डीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. हैदराबादला निघालेला रुग्ण बहुधा याच रस्त्याने जातो. सीमा बंद असतानाही वैद्यकीय कारणासाठी सवलत होती, हे खरे. पण सवलत कागदावर असणे आणि रात्री दोन वाजता नाक्यावर ती मिळणे यांत फार अंतर असते. कागद कोणता हवा, तो कोणत्या कचेरीचा हवा, बरोबर किती माणसे चालतील, हे ठरेपर्यंत जाणारा वेळ रुग्णाच्या खात्यातून जातो. इतरत्र तर याहून गंभीर घडले. केरळातील कासारगोडचे लोक उपचारासाठी कर्नाटकातील मंगळूरला जातात. तो रस्ता मातीचे ढीग टाकून अडवला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

लातूर जिल्ह्याच्या बाजूला उदगीर आहे. १७६० साली मराठे आणि निजाम यांच्यात जी लढाई झाली, तिच्यामुळे हे नाव इतिहासात राहिले. किल्ला आजही पाहण्याजोगा आहे. उदगीरहून रेल्वे कमालनगर, भालकी करत बीदरला पोहोचते. कमालनगर, भालकी, औराद या कर्नाटकातील भागांत मराठी घरोघर बोलली जाते. बीदरला बहमनी काळाचा भव्य किल्ला आहे, महमूद गवानचा मदरसा आहे, आणि नानक झिरा साहिब हा गुरुद्वारा आहे. श्री गुरू नानकदेवजींच्या स्पर्शाने येथे गोड्या पाण्याचा झरा प्रकटला, अशी श्रद्धा आहे. पंच प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचेच. त्यामुळे पंजाबचा यात्रेकरू नांदेडला आला की एक दिवस काढून बीदरला जातोच. ही नांदेड-बीदर जोडयात्रा म्हणजे सीमापार पर्यटनाचे आपल्याकडचे सर्वांत जिवंत उदाहरण. देगलूर-उदगीरच्या रस्त्यांवरचे ढाबे, पंक्चरवाले, उसाच्या रसाची गुऱ्हाळे तिच्यावर पोसली जातात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये, पहिली लाट ओसरून व्यवहार सुरळीत होत असताना, महाराष्ट्रात रुग्ण पुन्हा वाढू लागले. कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर तपासणीचा अहवाल सक्तीचा केला. नियमामागचे कारण समजण्यासारखे होते. पण तो नियम विमानाने बंगळूरला उतरणाऱ्याला जसा लागू, तसाच दहा कोसांवरच्या बहिणीकडे जाणाऱ्यालाही लागू. एका दिवसाच्या यात्रेसाठी तीन दिवस वैध राहणारा कागद मिळवायचा, त्यासाठी दोन दिवस मोडायचे, हे कोणाला परवडणार? जोडयात्रा पुन्हा मोडली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला

हे दुःख आपल्याच वाट्याला आले असे नाही. शीख बांधवांचीच दुसरी कथा पाहा. डेरा बाबा नानक येथून पाकिस्तानातील कर्तारपूर साहिबला जाणारी मार्गिका ९ नोव्हेंबर २०१९ रोजी खुली झाली. सात दशकांची प्रार्थना फळाला आली. सीमेपासून जेमतेम साडेचार किलोमीटरवर असलेले ते स्थान चार महिनेच दर्शनाला खुले राहिले. १६ मार्च २०२० रोजी महामारीमुळे मार्गिका बंद झाली ती १७ नोव्हेंबर २०२१ रोजी उघडली. त्या वीस महिन्यांत भाविक पुन्हा पूर्वीसारखे सीमेवरूनच दुरून दर्शन घेण्यावर आले.

अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील सीमा जगातील सर्वांत लांब आणि एरवी बरीच मोकळी. २१ मार्च २०२० पासून ती अनावश्यक प्रवासाला बंद झाली. लसवंत अमेरिकी प्रवाशांसाठी कॅनडाने ती ९ ऑगस्ट २०२१ रोजी उघडली. त्या भागात हिवाळ्यात बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाइल नावाच्या गाड्या घेऊन लोक सहलीला निघतात. त्यांच्या वाटा जंगलांतून, गोठलेल्या तळ्यांवरून जातात आणि काही ठिकाणी सीमाही ओलांडतात. मिनेसोटा राज्यात नॉर्थवेस्ट अँगल नावाचे एक टिकलीएवढे ठाणे आहे. अठराव्या शतकातील करारकर्त्यांच्या हाती चुकीचा नकाशा होता, म्हणून अमेरिकेचा हा तुकडा कॅनडाच्या पलीकडे राहून गेला. तेथे रस्त्याने जायचे तर कॅनडातूनच जावे लागते. शेकडा-सव्वाशे वस्तीच्या त्या गावाची उपजीविका मासेमारीला आणि बर्फावरच्या सहलींना येणाऱ्या पाहुण्यांवर. सीमा मिटल्यावर गाव आपल्याच देशापासून तुटले. तेव्हा २०२१ च्या हिवाळ्यात गावकऱ्यांनी गोठलेल्या सरोवरावरच बर्फाचा रस्ता तयार केला, कॅनडाला वळसा घातला, आणि पाहुणे आणले.

देगलूरच्या माणसाला सरोवर गोठण्याची वाट पाहता येत नव्हती. पण ती कथा आपलीच आहे. राजधानीत बसून नकाशावर रेघ ओढणाऱ्याला रेघेजवळचे गाव दिसत नाही, आणि रेघ बंद करणाऱ्यालाही ते दिसत नाही. ज्या गावाचा बाजार, दवाखाना, तीर्थ आणि सोयरे पलीकडे आहेत, त्याला ‘घरीच राहा’ हा आदेश इतरांपेक्षा निराळा ऐकू येतो. कारण त्याच्या घराचा अर्धा भाग पलीकडे असतो.

उघडलेल्या दारातून

महामारीत सीमा बंद करूच नयेत, असे कोणी जाणता म्हणणार नाही. रोग माणसाच्या पावलांनी चालतो, तेव्हा पावले थांबवावीच लागतात. पण थांबवण्याआधी काही गोष्टी ठरवता येतात. जो पाहुणा आधीच आपल्या गावात आहे, तो परतेपर्यंत आपल्या जबाबदारीचा आहे, हे ठरवता येते. नांदेडने ते करून दाखवले. रुग्णाला नाक्यावर कोणता एक कागद पुरेसा आहे, हे दोन शेजारी जिल्ह्यांनी बसून आधीच लिहून ठेवता येते. बाभळीच्या पाण्याचे लिहिले गेले, तर माणसांचे का नाही? आणि सीमेलगतच्या तालुक्यांना, मग ते कोणत्याही राज्यातले असोत, एकच परिसर मानून नियम करता येतात. पुढचे संकट कोणते असेल ते सांगता येत नाही. पण ते आले की पहिले दार याच वाटांवर लागेल, हे निश्चित.

आज वाटा मोकळ्या आहेत. सचखंड एक्सप्रेसमधून पुन्हा थवे उतरतात, बासरच्या रांगेत पुन्हा पाट्या-पेन्सिली घेतलेली लेकरे असतात, हंडरगुळीच्या बाजारात बैलांच्या घंटा वाजतात. ज्यांना सवड असेल त्यांनी तीन-चार दिवस काढून ही फेरी अवश्य करावी. नांदेडला गुरुद्वाऱ्यात मुक्काम, तेथून रेल्वेने बासर, मग कंदकुर्तीचा संगम आणि बोधन. बिलोलीमार्गे देगलूरला येऊन जवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे. पुढे बीदर, आणि परतताना उदगीरचा किल्ला. पाऊस संपल्यावर, आश्विन ते माघ, हा काळ उत्तम. वाटेत राज्य बदलल्याची पाटी तीन-चारदा लागेल. तेथे क्षणभर गाडी थांबवावी, आणि रस्त्याकडेच्या टपरीवर बसलेल्या एखाद्या वृद्धाला त्या दोन वर्षांविषयी विचारावे. तो सांगेल ते ऐकून घ्यावे. चहाचे पैसे देताना तो ते घेईलच, याची मात्र खात्री नाही.